मुळासकट वाण

या, अशा जवळ सरका. पंख्याखाली नको, तो खडखडतो नि मला ओरडून बोलावं लागतं. तुम्ही पुण्याकडची माणसं तंजावूरला येता, देऊळ पाहता, फोटो काढता, आणि इथे आम्ही घरभर मराठी बोलत बसलोय तिकडे न बघता गाडी पकडता. हे काही बरं नव्हे. देऊळ कोठे पळून जातंय? आमचे भावजी बघायचे राहिले ना तुमचे! अख्ख्या कावेरीकाठी रोज पहाटे स्नान करून, गंध लावून, एका झुडपाशी भांडायला निघणारा माणूस हा एकच झाला.

भावजी म्हणजे आमच्या यजमानांचे थोरले चुलतभाऊ. ओरत्तनाडूजवळच्या आमच्या गावात गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणून गावाला ते ‘सार’. आणि झुडूप म्हणजे तुम्ही ज्याला बेशरम म्हणता ते. जांभळट गुलाबी फुलं, गुरं तोंड लावत नाहीत, आणि तोडून चिखलात फेकलं की फेकल्या जागी नवं उभं. भावजींच्या मोपेडला मागे जुन्या धोतरात गुंडाळलेला कोयता नि पहार कायम बांधलेली. लग्नाला गेले तरी तेच. एकदा पंगतीत रसम वाढून झालं होतं, खिडकीतून त्यांना मांडवामागे गुलाबी फूल दिसलं, आणि हे पान सोडून उठले. मुलीकडच्यांना वाटलं व्याही रुसले. चौघे जण हात जोडत मागे धावले, तर हे चिखलात उभे राहून झुडपाला अहोजाहो करतायत, ‘या, बाहेर या, किती दिवस मुक्काम?’ तेही मराठीत. मी विचारलं तर म्हणाले, ‘तमिळात ओरडलो की रस्त्यानं जाणारा उगाच थांबतो.’

आमच्याकडे शेतकरी पेंढा रस्त्यावर पसरतात, वरून बस गेली की उरलेसुरले दाणे सुटतात. भावजींनी बेशरम पसरली. चिरडून वाळली तरच ती मरते, असं त्यांचं गणित. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, ‘सार, ही बस आहे, रोलर नव्हे!’ भावजी म्हणाले, ‘मग एकदा मागे घे आणि पुन्हा ने. तेवढंच होईल.’ त्यांचाच जुना विद्यार्थी तो. मुकाट्यानं मागे घेतली, आतल्या बायकांच्या शिव्या खात. घरोघर केबल आली, कोपऱ्यावर एस्टीडीचा पिवळा बूथ आला, ती ही वर्षं. मद्रासला लेकाला फोन लावून भावजी एवढंच सांगत, ‘मुळं दोन हात खोल गेलीत,’ आणि ठेवून देत. लेक बिचारा दाढदुखी समजून रजा काढून आला.

पण हे वैर सुरू झालं ते वळ्ळियम्मामुळे. तिची नि तिच्या नवऱ्याची शेती कालव्याच्या अगदी शेपटाला. एका जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं, आमच्या दारावरून वाहिलं, आणि तिच्यापर्यंत पोचलंच नाही. मध्ये सगळी बेशरम माजलेली. भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडायला लागला तशी ती भावजींच्या दारात येऊन उभी राहिली. ‘सार, तुमच्या कालव्यात फुलं फार छान आहेत. माझ्या शेतात धूळ आहे.’ बस, एवढंच बोलली. त्या वर्षी तिचा तरवा गेला.

भावजींनी सबंध वर्ष कालवा उपसला. तरी दर पंधरा दिवसांनी नवे कोंब. कारण काय, तर आमची परसं. आमच्या आळीतल्या अकरा मराठी घरांच्या मागे ही झुडपं, त्यांच्या काटक्या कालव्यात पडत नि रुजत. आणि परसात ती आणली कोणी? भावजींच्या बायकोनं, आमच्या अक्कानं! फार वर्षांपूर्वी चैत्रातल्या हळदीकुंकवाला डब्या-वाट्या देऊन कंटाळली, म्हणून केळीच्या पानात एकेक फांदी गुंडाळून वाण दिलं तिनं. म्हणाली, ‘लावा गं, हमखास जगतं.’ जगलं! अक्का मात्र गेली.

भावजी घरोघर पहार घेऊन गेले. एकही बाई हलेना. ‘सवाष्णीच्या हातचं वाण परत घेतलेलं कोठे ऐकलंय, भावजी?’ आणि खरं सांगते, सगळ्यांत आधी मीच म्हटलं ते. ती फुलं उमलली की मला अक्का परसात आल्यासारखी वाटे. भावजी पहार खांद्यावर टाकून परत गेले. पुढचा जून तोंडावर आला, वळ्ळियम्मानं पुन्हा तरवा टाकला.

मग एके सकाळी माझ्या दारी येऊन म्हणाले, ‘वाण परत घेता येत नाही. दुसऱ्या सवाष्णीला देता येतं की नाही?’ मी म्हटलं, ‘ते येतं की.’ झालं! त्यांच्या ओसरीवर वळ्ळियम्माला चौरंगावर बसवलं. तोंडाला हळद लावून आली होती, गोंधळलेली. मी कुंकू लावत गेले, आणि एकेक बाई नऊवारी सावरत, चिखलानं माखलेलं झुडूप तिच्यापुढे ठेवू लागली. आधी दोघी नुसत्या फांद्या तोडून घेऊन आल्या. वळ्ळियम्मानं चौरंगावरूनच त्यांना परत पाठवलं. ‘देता तर मुळासकट द्या!’ आम्ही अशा हसलो की कुंकू तिच्या नाकावर गेलं.

शेवटी उरलं भावजींच्या विहिरीपाशीचं, अक्कानं सगळ्यात आधी लावलेलं. ते पहार टेकून नुसते उभे राहिले. वळ्ळियम्मा उठून मागे गेली, हळूच म्हणाली, ‘सार, हे राहू द्या. इथून कालवा लांब आहे.’

‘फार लांब नाही,’ भावजी म्हणाले, आणि खणायला लागले. अर्धा दिवस लागला. मदत कोणालाच करू दिली नाही.

पाणी सुटलं तेव्हा मी नि भावजी कालव्याच्या काठानं चालत शेपटापर्यंत गेलो. आधी फेस आला, मग पाला, मग पाणी, आणि वळ्ळियम्माच्या तरव्यात शिरलं. ती वाफ्याची मेर फोडत होती, तिला वर बघायला सवड नव्हती. भावजी बांधावर बसले, पाय पाण्यात सोडले. म्हणाले, ‘अगं, तुझ्या अक्काची निवड चुकली नव्हती. तिला फक्त न मरणारं काहीतरी द्यायचं होतं.’

आता भावजी चालत फार नाहीत, पण गोष्टी सांगतात. तेव्हा पुढच्या खेपेला देऊळ नंतर बघा, आधी घरी या. आणि फार दिवस लावू नका, एवढं ऐका माझं.