हिरोसेबाईंचा शिक्का

जपानातल्या हमादाच्या बंदरामागच्या गल्लीत हिरोसे सुमिए यांना नावाने फारसं कोणी ओळखत नसे. मुलं त्यांना ‘शिक्क्याच्या आजी’ म्हणत आणि मोठी माणसंही त्यांच्या पाठीमागे तेच म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी पोस्टाच्या खिडकीत बसून शिक्के मारले होते. त्या निवृत्त झाल्या, त्याच वर्षी गल्लीच्या मंडळाने उन्हाळी सुटीतली रेडिओची कवायत त्यांच्या गळ्यात घातली. काम तसं सोपं. सकाळी साडेसहाला रेडिओवर पियानो सुरू झाला की देवळापुढच्या पटांगणात मुलांनी दहा मिनिटं हातपाय हलवायचे आणि मग गळ्यातल्या कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का घ्यायचा. सगळे चौकोन भरले की शेवटच्या दिवशी एक वही आणि एक बर्फाची कांडी.

बाईंनी या सोप्या कामाचं पोस्ट ऑफिस करून टाकलं. शिक्का चौकोनाच्या बरोबर मधोमध, सरळ उभा, शाई कुठे फिसकटलेली नाही. आणि कवायत संपण्याआधी कोणालाही नाही. एका वर्षी त्यांचा सख्खा नातू ओसाकाहून आला होता. तो पटांगणावर दोन मिनिटं उशिरा पोचला आणि शिक्का नाही म्हटल्यावर भोकाड पसरून रडला. बाईंनी त्याला घरी नेऊन कलिंगडाची ही एवढी मोठी फोड दिली. शिक्का दिला नाही.

“भारीच खडूस बाई,” असं गल्ली म्हणे आणि दुसऱ्या दिवशी आपली पोरं पाच मिनिटं आधी पाठवी.

तिसरीपासून वरच्या मुलांचा एकेक दिवस नंबर लागे. ज्याचा नंबर, त्याने बाईंच्या घरून रेडिओ आणायचा, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर उभं राहायचं आणि सगळ्यांकडून कवायत करून घ्यायची. यादी आडनावांच्या अक्षरक्रमाने. शेवटचे दोन दिवस मात्र राखीव असत. ज्याने नंबर चुकवला असेल, त्याला एकाऐवजी ते दोन्ही दिवस भरावे लागत, वर पटांगणही झाडावं लागे. कोणी चुकवलाच नाही, तर मंडळाचे अध्यक्ष कुरिमोतो क्रेटवर चढत आणि पोट सांभाळत कवायत घेत.

या वर्षी उमेझावांची कोतोने तिसरीत गेली. तिच्या पायांचं आणि डाव्या हाताचं तिच्याशी जन्मापासून फारसं पटत नसे. चाकांच्या चौकटीला धरून ती चाले. जिभेचं मात्र तिच्याशी उत्तम पटे.

जुलैच्या सुरुवातीला बाई यादी लिहायला बसल्या. अशितानी झाला, इवामी झाला आणि पेन थांबलं. ही क्रेटवर चढणार कशी? रेडिओ उचलणार कशी? कशाला उगीच बिचारीला त्रास, असं म्हणून बाईंनी पुढचं नाव एकुनीचं लिहिलं. यादीची पाटी घरोघर फिरली. प्रत्येक घराने वाचल्याची खूण म्हणून आपल्या नावाचा लाल ठसा उमटवला, उमेझावांच्या घरानेही. बाईंनी किती समजूतदारपणे केलं, असंच सगळ्यांना वाटलं.

एवढंच नव्हे, २१ जुलैला कवायत सुरू झाली त्या दिवसापासून बाई कोतोनेला शिक्का सगळ्यांच्या आधी, ती आल्या आल्याच देऊ लागल्या. “चालत आलीस ना एवढं, झालं तर मग!”

रविवारची सुटी सोडून असे दहा शिक्के झाले. अकराव्या दिवशी, शनिवारी १ ऑगस्टला, कोतोनेने कार्डावर तळहात ठेवला.

“संपल्यावर द्या.”

“अगं, तुला कशाला थांबायला हवं?”

“बाकीच्यांना संपल्यावर देता. मीपण करते. निम्मी करते, पण करते.”

त्या दिवशी वातानाबेचा नंबर होता, यादीतला शेवटचा. कवायत झाली, रांग लागली, शिक्के झाले. कोतोने सगळ्यांत मागे थांबली होती.

“आजी, सोमवारी कोणाचा नंबर?”

“कोणाचाच नाही. यादी संपली.”

“माझा तेवीस तारखेला होता. इवामीनंतर उमेझावा. मी आदल्या दिवशी केस धुऊन ठेवले होते. तुम्ही एकुनीला बोलावलंत.”

“मला वाटलं, तुला त्रास नको.”

“मला विचारलं का?”

“कोतोने!” तिची आई धावतच आली आणि कमरेत वाकली. “माफ करा हं, हिरोसे-सान. हिची जीभ म्हणजे! तुम्ही आमचा विचार करूनच केलंत, ते आम्हाला कळतं.”

बाईंनी उलट वाकून नमस्कार केला आणि त्या घरी आल्या. चहा केला, तो तसाच निवला. अडतीस वर्षांत खिडकीपुढची रांग त्यांनी एकदाही मोडू दिली नव्हती. नगराध्यक्ष आले तरी कोळणीच्या मागे उभे राहिले होते. आणि आता एका नऊ वर्षांच्या मुलीला त्यांनी स्वतः रांगेतून बाहेर काढलं होतं, वर त्याला माया म्हटलं होतं. ही चूक दुरुस्त करायला दोनच दिवस उरले होते.

रविवारी सकाळी त्यांनी कुरिमोतोंना गाठलं. अध्यक्षांना लगेच उत्साह चढला. “असं करू, शेवटच्या दिवशी खास कार्यक्रम ठेवू! मी लाकडी चौथरा करतो, त्याला कठडा लावतो. टाळ्या होतील, वर्तमानपत्रवाला माझ्या ओळखीचा आहे.”

दोघं उमेझावांकडे गेली तेव्हा कोतोने गार शेवया खात होती. तिने चौथरा, कठडा, टाळ्या, वर्तमानपत्र सगळं ऐकून घेतलं आणि वाडगा खाली ठेवला.

“खास नको.”

“मग काय हवं गं?” बाईंनी विचारलं. या वेळी विचारलं.

“नियमात काय आहे? नंबर चुकला की शेवटचे दोन्ही दिवस.”

“पण ती शिक्षा आहे बाळ,” कुरिमोतो म्हणाले. “तू कुठे नंबर चुकवलास?”

“मग कोणी चुकवला?”

आईने मान खाली घातली. कुरिमोतो छताकडे बघू लागले.

“मी,” बाई म्हणाल्या.

“मग झाडायचं तुम्ही,” कोतोने म्हणाली. “दोन दिवस मी घेते.”

कुरिमोतोंना चहाचा असा ठसका लागला की आईला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.

“आणि चौथरा?” ठसका ओसरल्यावर त्यांनी आशेने विचारलं.

“क्रेटच काढून टाका. बुटक्यांना पुढे उभं करा, झालं. तुम्ही मागे, अध्यक्षकाका.”

सोमवारी सहाला पाच मिनिटं असताना बाईंच्या दारावर टकटक झाली. बाई अजून तांदूळ धूत होत्या. रेडिओ पिशवीत घालून पिशवी चौकटीला अडकवली आणि दोघी निघाल्या. बाईंच्या घरापासून पटांगण दीडशे पावलांवर. वाटेत देवळाच्या फाटकापाशी चाक दगडात अडकलं. बाईंनी झाडू दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, नाहीतर हात मदतीला गेलेच असते. कोतोनेने चौकट मागे घेतली, तिरकी केली, पुढे काढली. बाईंचं पटांगण झाडून झालं तरी साडेसहाला तीन मिनिटं होती.

पियानो सुरू झाला. कोतोनेचा उजवा हात सरळ वर गेला, डावा खांद्यापाशी थांबला. पुढे उभा असेल तो करील तसं करायचं, हा बाईंचाच नियम. समोरच्या सगळ्या मुलांचे डावे हात खांद्यापाशी थांबले. बाईंनी एकेक चेहरा निरखला. पोरं हिची नक्कल तर करत नाहीत? आई तर चपलांकडे बघत होती.

मग उड्या आल्या. कोतोने चौकट धरून जागेवर उभी होती. समोरही कोणी हललं नाही. पियानो आपला एकटाच टुणटुण उड्या मारत होता.

“ए! उड्या कोण मारणार?”

“तू मारत नाहीयेस ना,” एकुनी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

“माझे पाय मारत नाहीत! तुझ्या पायांना काय झालंय? आणि हात काय अर्धे करता सगळे? रेडिओ ऐका ना! वर, पूर्ण वर! अध्यक्षकाका, पोट आत!”

आधी एकुनी हसला, मग सगळं पटांगण हसलं आणि हसता हसताच उड्या मारू लागलं. कुरिमोतोंचं पोट आत गेलं नाही, पण वरखाली भरपूर झालं. आई तोंडावर हात धरून हसत होती.

“आजी, तुम्हीपण!”

उड्यांच्या वेळेला शाईची डबी उघडून बसायचं, ही बाईंची तेरा वर्षांची सवय होती. “मला शिक्क्यांची तयारी करायची असते गं.”

“संपण्याआधी शिक्का नाही ना?”

बाईंनी डबी मिटली. एक उडी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या उडीला उजवी चप्पल सुटून थेट कुरिमोतोंपाशी जाऊन पडली.

दहा मिनिटं संपली, रांग लागली. कोतोने रांगेत तिसरी, इवामीच्या मागे आणि एकुनीच्या पुढे उभी राहिली. बाईंना अजून धाप लागलेली होती. अशितानीचा शिक्का कसाबसा सरळ बसला, इवामीचाही. कोतोनेने कार्ड पुढे धरलं. त्याच धापेत बाईंनी शिक्का मारला.

कोतोनेने कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

“वाकडा आहे.”

बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. खरंच वाकडा होता, चौकोनाच्या बाहेर गेलेला.

“उद्या सरळ मारीन.”

“उद्यापण उड्या आहेत,” कोतोने म्हणाली आणि एकुनीला जागा करून देण्यासाठी चौकट वळवू लागली.