बिरूनं मांडलेले पाच दगड

बिरू धनगर मुळात बोलायचा कमी, आणि जे काही बोलायचा ते मेंढरांशी. त्याची बायको बानाबाई हे गाऱ्हाणं भेटेल त्याला सांगायची, "लगीन झाल्यापासून माझ्याशी बोलला नसंल तेवढं त्या काळ्या मेंढीशी सकाळधरनं बोललाय." यावर बिरूचं म्हणणं एवढंच, "मेंढी मधी बोलत नाय."

वैजापूरच्या अलीकडच्या माळावर तो मेंढरं चारी. माळाचे एकेक लचके तुटत चालले होते. एका अंगाला पाझर तलाव झाला, दुसऱ्या अंगाला कांद्याची वावरं सरकत आली, मधून फटफट्यांची वाट पडली. पूर्वी इथं माळढोक पक्षी आठ-दहाच्या संख्येनं दिसत. धनगर त्यांना हूम म्हणत. एकोणऐंशी साली एकच मादी उरली होती. आषाढात कुठूनसा एक नर आला, दोन दिवस गळ्याची पिशवी फुगवून नवरदेवासारखा मिरवला आणि गेला तो गेलाच. श्रावणात बिरूला गवताच्या मोकळ्या जागी अंडं दिसलं. हूम वर्षाला एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. काडी-काटकी गोळा करण्याची भानगड नाही.

"आपल्यासारकीच हाय," बिरू बानाबाईला म्हणाला. "घर नाय, दार नाय."

मागून त्रिंबक धनगराचा कळप याच वाटेनं यायचा होता. तीनशे मेंढरांचे बाराशे खूर. बिरूनं अंड्यापासून दहा पावलांवर पाच दगड मांडले आणि कमरेच्या पिशवीतला भंडारा त्यांच्यावर उधळला. इथनं कळप वळवा, ही धनगरांची आपसातली खूण. त्रिंबकनं लांबूनच पिवळे दगड पाहिले आणि मेंढरं वळवली. तासाभरानं मादी डुलत आली आणि अंड्यावर बसली. त्या दिवशी बिरू पालावर जाऊन इतका बोलला, की बानाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

महिनाभर बसली की पिल्लू. बिरूनं दिवस मोजायला सुरुवात केली.

तेराव्या दिवशी फटफटीवरून कारभारी आला. कारभारी हे त्याचं नुसतं नाव. कारभार त्याच्या हातात घरच्यांनीही कधी दिला नव्हता. त्याला पिवळे दगड दिसले, फटफटीला भिऊन मादी उडालेली दिसली आणि मधोमध अंडं दिसलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, माळावर देव निघाला.

दुसऱ्या दिवशी बिरू पोचला तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. गावातली चतुराबाई नैवेद्याचं ताट घेऊन पुढं होती.

"मागं व्हा वं!" बिरू ओरडला. "देव नाय त्यो! अंडं हाय, हूमाचं!"

"दगडाला भंडारा कुणी लावला?" कारभारीनं विचारलं.

"म्याच लावला."

"बगा!" कारभारी लोकांकडं वळला. "देवानं याच्याच हातनं लावून घेतला. बिचाऱ्याला ठावं बी नाय!"

"आरं बाबा, मेंढरानं तुडवू नये म्हनून लावला!"

"मंग तुडवलं का?"

"नाय."

"मंग?" कारभारी म्हणाला, आणि पन्नास माणसांनी हात जोडले.

बिरूनं चतुराबाईचे पाय धरले. "मावशी, त्या बाभळीखाली जाऊन बसा. त्याची माय आली की बसंल. उन्हात अंडं टिकायचं नाय."

चतुराबाईला ते पटलं. तिनं लेकीबाळींना उठवलंही. तेवढ्यात वैजापूरची भजनी मंडळी टेम्पोतून उतरली आणि बाभळीखालची सावली त्यांनी टाळांसकट अडवली. बाया परत अंड्यापाशी येऊन बसल्या.

मादी दूर, तलावाच्या बांधावर उभी होती. चार पावलं पुढं यायची, थांबायची, पुन्हा मागं जायची. त्या साली श्रावणात पाऊस नव्हता, ऊन मात्र चैत्राचं होतं. दुपारी बिरू डोक्याचं पागोटं सोडून अंड्यावर सावली धरायला निघाला, तर लोकांनी अडवलं. देवाला पारोशा अंगानं शिवायचं नाही. बिरू तलावावर गेला, अंघोळ करून ओल्यानं आला. तोवर भक्तांनी अंड्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं, देवाला कुणाचा पाय लागू नये म्हणून.

तीन दिवस मादी बांधावर आली. चौथ्या दिवशी आली नाही.

अंड्याला वास सुटला तेव्हा कारभारीनं ते गुपचूप काढून फेकलं आणि तिथं शेंदूर लावलेला धोंडा बसवला. मग पत्र्याची शेड आली. गाड्या लावायला गवत पेटवून जागा केली. गावानं पहिल्या नारळाचा मान बिरूला दिला. तो नको म्हणाला, तर लोक म्हणाले, माणूस किती साधा आहे.

लोकांनी विचारलं, की बिरू सांगायचा. एवढ्या माणसांशी तो जन्मात बोलला नव्हता. एकदा औरंगाबादहून आलेल्या एका बाईंना त्यानं हात कमरेच्या वर धरून दाखवला.

"एवढा उंच पक्षी होता, बाई. हितं बसायचा. शेवटचा."

"अगं बाई! साक्षात?" बाईंनी धोंड्याला हात जोडले. "मग आता नाही येत?"

बिरूनं शेडकडं पाहिलं, फुटलेल्या नारळांच्या ढिगाकडं पाहिलं, पल्याडच्या जळक्या माळाकडं पाहिलं.

"बसंल कुठं?" तो म्हणाला.

बाईंना वाटलं, म्हातारा आपल्यालाच जागा विचारतोय. त्या चटकन सरकल्या आणि म्हणाल्या, "बसा ना, बाबा, इथं बसा."

बिरू बसला.