टँकरचा ओटीपी

वकिलांच्या खोलीत चहा आला की किस्से निघतातच. पूर्वी साक्षीदारांचे असायचे, आता मशीनचे असतात. आम्ही हसतो. पण टँकरच्या दाव्याचं कुणी नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

*

सुभद्राबाई हदगावकडच्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य. दुष्काळातला सरकारी टँकर गावात रिकामाच येतो म्हणून ठेकेदारावर दावा टाकायला माझ्याकडं आल्या. दावा ऑनलाइन भरायचा, आणि कोर्टाची साइट आठवडाभर बंद! कागदावर घ्या म्हणून मी खिडकीवर विनवण्या केल्या.

क्लार्क म्हणाला, "ऑनलाइनमधून सूट पाहिजे ना? मग तसा अर्ज ऑनलाइन करा!"

*

बाईंकडं रिकाम्या पिंपांचा व्हिडिओ होता. पण मोबाइलचा पुरावा द्यायचा तर तो कुणाच्या ताब्यात होता, याचं सर्टिफिकेट लागतं. मोबाइल नवऱ्याचा, शूटिंग सुनेचं, चार्जिंग शाळेत.

"ताबा कुणाचा लिहू?"

"ज्याच्याकडं चार्जर हाय त्याचा लिवा!"

*

ठेकेदाराच्या वकिलानं जीपीएसचा प्रिंटआउट काढला. त्याला मात्र सही, शिक्का, सर्टिफिकेट सगळं! टँकर रोज गावात अर्धा तास उभा.

सुभद्राबाई म्हणाल्या, "मशीन खरं बोलतंय. गाडी येती की! पाणी वाटंतच इकून येती."

मशीनला पाण्याचं कुणी विचारलंच नव्हतं.

*

दावा एका दुष्काळातला, साक्ष निघाली दुसऱ्या दुष्काळात. ठेकेदार तोच. आमचे एक ज्येष्ठ वकील समजूत काढायला लागले, "नवा जिल्हा होऊ द्या बाई, कोर्ट जवळ येईल."

"मंग काय, कोर्ट प्यावं का आमी?"

*

उलटतपासणीत ठेकेदाराच्या वकिलानं विचारलं, "पाणी पोचलं की गावच्या सदस्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो ड्रायव्हरला सांगितला की पाणी मिळालं अशी नोंद होते. तुम्ही रोज ओटीपी दिलाय. हो की नाही?"

"हाव. तो आधी ओटीपी मागतो, मंग गाडी काढतो. न्हाई दिला तर येतच न्हाई. तळाशी दोन-चार घागरी तरी ऱ्हात्यात."

"म्हणजे दिलात!"

तेवढ्यात बाईंजवळचा मोबाइल वाजला. जज्जसाहेब चिडले, "बंद करा तो!"

"ड्रायव्हर हाय साहेब. ओटीपी मागून राहिला. गावात सकाळधरून थेंब न्हाई. सांगू का नको?"

जज्जसाहेब कागदात बघत राहिले. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी फाइल उघडली.

त्यांनी फोन कानाला लावला आणि साक्षीच्या पिंजऱ्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चार आकडे सांगितले.

ठेकेदाराच्या वकिलानं ते लिहून घेतले.