पिंपळापुरेकाकांचे दोन डोळे

स्कॅनर सुरू केल्यावर पिंपळापुरेकाका पहिला अर्धा तास त्याला हात लावत नसत. जावई झोपून उठायची वाट पाहावी तसे समोर अदबीने बसून राहत. "आतली नळी गरम होऊ दे. आत्ताच बटन दाबशील तर रंग कच्चे येतील," असं मला बजावत.

रायपूर राजधानी झाल्यानंतरची ती पहिली वर्षं. रोज एक नवं कार्यालय उघडे आणि प्रत्येकाला भिंतीवर लावायला छत्तीसगढचे फोटो हवे असत. मी शहराच्या तात्यापारा भागात एका छापखान्यात कामाला होते. मालकांनी पारदर्शक फिल्मच्या स्लाइडवरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवणारे दोन स्कॅनर घेतले. काका सरकारी छायाचित्रकार म्हणून निवृत्त झालेले. ते बस्तरच्या स्लाइडचे डबे घेऊन आले आणि मग रोजच येऊ लागले.

एका यंत्रात पांढरी नळी आणि रंग टिपणारे तीन डोळे. दुसऱ्यात डोळा एकच, पण लाल, हिरवे, निळे बारीक दिवे आळीपाळीने लागत. "पहिले उजेड पाहा, मंग डोळा पाहा," हे काकांचं पालुपद. नळीचा उजेड मऊ, स्लाइडवरचे ओरखडे पोटात घालणारा. दिव्यांचा धारदार, धुळीचा कणही न सोडणारा. पहिल्या यंत्राला ते 'मावशी' म्हणत, दुसऱ्याला 'ऑडिटवाला'. यंत्र तपासायची स्लाइड ठरलेली: इंद्रावतीवरच्या चित्रकोट धबधब्यापुढे उभ्या काकू. जेवणाचा डबा द्यायला आलेल्या काकू एकदा मला म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाली लग्नाला, यांनी मले एवढं निरखून कधी पाहिलं नाही. मी मशीन नाही ना."

एका सरकारी प्रदर्शनासाठी काकांचे चाळीस फोटो निवडले गेले. शेवटचा रंग काकाच ठरवणार होते. "मावशी म्हातारी झाली, पिवळं दाखवून राहिली," ते म्हणाले. मग ऑडिटवालाही पिवळा ठरला, मग कॉम्प्युटरचा पडदाही.

"काका, मले तर बरोबर दिसते," मी चाचरत म्हटलं. "स्लाइडशी ताडून पाहायचं का?"

"स्लाइड कशाले? चित्रकोटचं पाणी मी स्वतः पाहिलं आहे."

चाळीसही फोटोंत निळा रंग वाढवला गेला. मी बावीस वर्षांची, ते सहासष्टांचे. ते सांगतील तसं मी बटन दाबत गेले.

नमुने पाहून प्रदर्शनाचे अधिकारी स्वतः छापखान्यात आले. पावसाळ्यातलं मातकट पाणी जांभळट झालेलं. "काका, इंद्रावती में जामुन घोल दिया क्या?" त्यांनी विचारलं. काकांनी मशीनला दोष दिला, शाईला दिला, कागदाला दिला. अधिकारी गेल्यावर, डबा घेऊन येऊन कोपऱ्यात बसलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही मशीन बिघडल्या, शाई बिघडली, कागद बिघडला. तुमचे डोळेच तेवढे ठीक? महिनाभरापासून माझ्या पांढऱ्या पातळाले पिवळं म्हणून राहिले."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते घरी गेले. मी तीन दिवसांत चाळीसही फोटो दुरुस्त केले. ते प्रदर्शनात वेळेवर पोचले, पण काका तिकडे फिरकले नाहीत.

काकांना मोतीबिंदू झाला होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काळा चष्मा लावून ते छापखान्यात आले. काकूंची स्लाइड उजेडाच्या पेटीवर ठेवून एकेक डोळा मिटून पाहू लागले. "डाव्यानं पाहिलं तर चहा सांडल्यासारखं दिसते," ते म्हणाले. मग डावा मिटला. नुसते पाहत राहिले.

डॉक्टर दुसऱ्या डोळ्यासाठी घाई करत होते. काकांनी महिनाभर थांबवलं. "एक जुना राहू द्या. मी किती चुकलो ते मोजून राहिलो." दोन यंत्रं ताडावीत तसे त्यांनी स्वतःचे दोन डोळे ताडले. चाळीसही फोटो एकेका डोळ्याने पाहून वहीत नोंदी केल्या.

मग त्या अधिकाऱ्यांना हिंदीत पत्र लिहिलं: दोष ना मशीन का था, ना छापाखाने का, मेरी आँख का था. टपालात टाकण्याआधी माझ्यापुढे धरलं. "तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. हेही लिहू?"

"नको, काका."

त्यांनी खिशातून पेन काढलं, आणि माझ्या नावासकट तेही लिहिलं.

पुढे ते मुलीकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले. आता माझाही चष्म्याचा नंबर वाढला आहे. कुठलाही रंग पक्का करण्याआधी मी शेजारच्या टेबलावर विचारते, "तुले कसं दिसून राहिलं?" आणि उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आलं, की हात बटनावरून काढून घेते.