मालगुंडची जोडणी

करुणाला रत्नागिरीत ओळखणारी माणसं थोडी, पण पतसंस्थेच्या गावोगावच्या शाखांत तिला सगळे ओळखत. कुठे कॉम्प्युटर अडला की ती एसटी पकडून निघायची. काम होईपर्यंत समोर चहा यायचा, जोडीला घरच्या कागाळ्या. आई गेल्यापासून साळवी स्टॉपजवळच्या तिच्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं. तिचं बोलणं म्हणजे या शाखांमधलंच.

मग मुख्य कचेरीत उन्मेष सर आले. वयाने तिच्याहून लहान, पण मनाने चांगले.

"करुणाताई, कंबर मोडेपर्यंत एसटीतून हिंडणार का? इथे बसून सगळ्या शाखा सांभाळता येतील."

ती शिकली. तिकडच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकायचं, पासवर्ड ठरवायचा, की तिकडचा पडदा इथे दिसतो आणि तिकडचा बाण इथून फिरतो. पहिल्याच दिवशी एका शाखेतल्या कारकुनाचा घाबरून फोन आला.

"ताई, बाण आपोआप पळतोय! भूत शिरलं काय?"

"भूत नाही, मीच आहे."

"तुम्ही होय! मग चहा कुठे पाठवू?"

दोघंही हसले. पुढे मात्र हसणं आटत गेलं. "झालं का? ठेवू?" एवढ्यावर फोन संपू लागले. एकेक शाखा जोडली जात होती, आणि करुणाचं एकेक गाव सुटत होतं. तेही तिच्याच हाताने.

राहिलं फक्त मालगुंड. दिवसा व्यवहार चालू असायचा, म्हणून दुरुस्तीचं काम शाखा बंद झाल्यावर करायचं. पण नेमकी तेव्हाच मालगुंडची जोडणी तुटायची. कारण करुणाने ओळखलं होतं. शाखा झाडणारी, बंद करणारी येसूबाई कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली ओढत असणार. तिच्या घरचा टीव्ही एकदा विजेने जळला होता, तेव्हापासून विजेच्या वस्तूवर तिचा विश्वास नव्हता. एका फोनचं काम होतं.

तरी करुणा सरांना म्हणाली, "काय बिघडलंय कळत नाही. जाऊन बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदना करताना, पंचशीलातल्या खोटं न बोलण्याच्या शीलापाशी ती अडखळली. तरी ती गेली.

"आलीस काय गो बाय! किती वाळलीस! तिकडं कोन जेवायला घालीत नाय वाटतं," म्हणत येसूबाईने डबा उघडला. घावणे होते. सुनेची तक्रार झाली, गुडघ्याची झाली, शेजारणीने तोडलेल्या शेवग्याची तर दोनदा झाली. करुणा पोटभर ऐकत बसली. संध्याकाळी सगळे गेले आणि येसूबाईचा हात स्विचकडे गेला.

बघूनही गप्प बसलं असतं तर पुन्हा यायला मिळालं असतं. करुणाने डोळे मिटले, मग म्हणाली, "मावशी, तो खाली करू नका. चालू राहिला तरच मला तिथून काम करता येतं."

"आनि वीज कडाडली तर?"

"त्यासाठी स्विचपाशी हा विजेचा झटका अडवणारा डबा बसवलाय. काही होणार नाही, माझ्यावर सोडा."

येसूबाईने हात मागे घेतला. मग विचारलं, "म्हंजे आता तुला यायचं काम नाय?"

"येईन की."

"हां, ये," येसूबाई म्हणाली आणि कुलूप शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत करुणाने सरांना खरं ते सांगितलं. म्हणाली, "मला आधीच ठाऊक होतं, सर. तरी गेले." त्या संध्याकाळी मालगुंडचा पडदा तसाच उघडा राहिला. करुणाने दुरुस्ती केली. पलीकडच्या बंद खोलीत बाण एकटाच फिरत होता.

रविवारी ती स्टँडवर गेली. मालगुंडची गाडी लागली होती. खांद्याला कामाची बॅग नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं तिला सुचेना. गेलीच, तर येसूबाई विचारेल, "काय बिघडलं गो?" आणि सांगायला काहीच नसेल. काही बिघडल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं कसं, हे ती कधी शिकलीच नव्हती.

"मालगुंड, मालगुंड! ताई, चढताय ना?" कंडक्टरने विचारलं.

"नाही. सहज उभी आहे," ती म्हणाली आणि गाडीला वाट देत मागे सरली.