कुंडलिकची पडवी

कुंडलिक आमच्या जुन्नरकडचा. ठाण्याच्या मंडईत हमाली करून त्यानं जल्म काढला. राहायला कोपरीत दहा बाय दहाची खोली. तीत तो, बायको विमलाबाई, पोरगा संदेश, सून आन् त्यांची दोन लेकरं. एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची.

लेक प्राची डोंबिवलीला दिलेली. तिला दिवस गेले तवा कुंडलिकला आनंदाच्या आधी घाम फुटला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. बाज टाकायची, खाली शेगडी ठेवायची, तेल-पाणी करायचं. पर कुठं?

खोलीमागं नाल्याच्या कडंला पालिकेची पट्टी व्हती, अख्ख्या चाळीचा उकिरडा. गावाकडं घरात माणूस वाढलं की पडवी काढत्यात, इचारतंय कोण? कुंडलिकनं तेच केलं. उकिरडा उपसला, बांबू रोवले, पत्रं टाकलं. विमलाबाईनं भुई सारवली. बाज पार गावावरनं आणली.

शेजारचा दगडू म्हणला, "काय रं कुंडल्या, बंगला का?"

"बारशाला ये, घुगऱ्या खा आन् गप बस!"

उद्या लेकीला आणायचं, तर आज पालिकेची गाडी आली.

"सायेब, बाळंतपण तेवढं होऊ द्या. सव्वा म्हयन्यानं माझ्या हातानं मोडतो."

"काका, सगळे असंच म्हणतात. तुमच्या पलीकडच्यानं आजारी आईसाठीच काढलेली. आई जाऊन किती वर्षं झाली? मोडली त्यानं?"

सायेब खोटं बोलत नव्हता. पडवी पाडली. बाजही गाडीत टाकून नेली.

सांजच्याला प्राचीचा फोन. "बाबा, उद्या कधी येताय? माझी बॅग भरलीय."

मागं सासूचा आवाज येत व्हता. बापानं सरकारी जागा बळकावली आन् पालिकेनं पडवी मोडली, हे व्याह्यांच्या कानावर कसं घालायचं?

"पोरी, तुझ्या आयचं गुडघं लय धरल्यात. औंदा तिकडंच..."

"आईला दे फोन."

विमलाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आन् मान हलवली.

"नको होतं तर आधीच सांगायचं ना, बाबा. मी सगळ्यांना सांगून बसलेय."

नातू झाला. बारशाला दोघं डोंबिवलीला गेली. विमलाबाईनं मांडी घालून हात पुढं केलं. प्राचीनं बाळ सासूकडं दिलं.

"राहू दे आई, तुझे गुडघे दुखतात ना."

विमलाबाईनं मांडी मोडली आन् पाय लांब करून बसली, दुखत असल्यागत.