कुमायेच्या ओळीवरच्या दोन खुणा

१६ सप्टेंबर १९७५ रोजी पापुआ न्यू गिनी हा देश स्वतंत्र झाला. ही तारीख कुणालाही पडताळून पाहता येते. त्या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच आठवड्यात, वारज्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुहासिनी आगाशे या निवृत्त परिचारिकेच्या फोनवर त्या देशाच्या डोंगराळ भागातून निरोप आला. पाठवणारा तोबे नावाचा आरोग्यसेवक होता. ज्या आरोग्य ठाण्यावर सुहासिनीबाईंनी एकेकाळी चार वर्षे काढली, तेच ठाणे आता तो चालवत होता.

निरोपात प्रश्न एकच होता. तोबेची थोरली बहीण कुमाये १९८८ साली, तो जन्मण्याआधी, चार वर्षांची असताना वारली. तिला लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या होत्या का? बापाच्या कुळातले लोक अजूनही म्हणत की आईने दुसऱ्या खेपेला मुलीला नेलेच नाही, आणि म्हणून ती गेली. आई आता थकली होती. ठाण्यातली मूळ वही दोन कुळांच्या भांडणात ठाण्यासकट जळाली होती. बाईंकडे तिची दुबार प्रत असेल तर त्यातले एक पान हवे होते.

बाईंना पान उघडण्याआधीच उत्तर ठाऊक होते. कुमाये, दोन मात्रा, पूर्ण. ते त्या सदतीस वर्षे पाठ म्हणत आल्या होत्या.

१९८४ साली त्यांचे यजमान, श्यामसुंदर आगाशे, तिथल्या शाळेत गणित शिकवण्याच्या करारावर गेले, आणि सत्तावीस वर्षांच्या सुहासिनीबाई त्यांच्या पाठोपाठ. गावाला रस्ता नव्हता. गवताच्या धावपट्टीवर छोटे विमान उतरे, तेही ढगांची मर्जी असेल तेव्हा. मीठ, औषधे आणि पत्रे कधी महिना महिना खाली अडकून पडत. रताळे हेच अन्न. बायका दिवसभर वाफे उकरत आणि संध्याकाळी कपाळावर अडकवलेल्या जाळीच्या पिशवीत रताळी, त्यावर सरपण आणि त्याहीवर तान्हे मूल घेऊन चढण चढत. घरे गोल, बुटकी आणि धुराने कोंदलेली, त्यामुळे निम्मे गाव खोकत असे. डुकरे हे तिथले गोधन. ती रोज कापली जात नसत. मोठ्या मेजवानीलाच पोटभर मांस मिळे. वर्षभर रताळ्यांवर राहिलेल्या पोटाला ते कधी सोसत नसे, आणि दोन दिवसांत एखाद्या मुलाचे आतडे सडून जाई. या आजाराला पिगबेल म्हणत. त्यावर लस होती, आणि त्या ठाण्यावर ती दोन मात्रांत टोचली जात असे.

कुमायेला मेजवानीनंतर तिसऱ्या दिवशी ठाण्यावर आणले. विमान आले नाही. बाईंनी रात्री वही काढून पाहिली. ओळीवर दोन खुणा होत्या. लस दिली तरी एखादे मूल जाते, असे त्यांना शिकवलेले होते. त्यांनी वही मिटली. रडू आले नाही, याची नोंद मात्र त्यांनी मनाशी करून ठेवली.

दुबार वही आता घरातल्या पासबुकांच्या खाली सापडली. बाईंची भाची ऋचा एका संस्थेत जुन्या कागदपत्रांचे काम करते. ती छायाप्रत घ्यायला आली आणि मावशीला पानाला हातच लावू देईना.

"अगं, मीच लिहिलंय ते."

"म्हणूनच. कागदाला सगळ्यात मोठा धोका लिहिणाऱ्याचाच असतो."

पानाची छायाप्रत फोनवरून तोबेला गेली, सोबत बाईंचे दोन ओळींचे उत्तर: दोन्ही मात्रा दिल्या होत्या, आईचा काहीही दोष नाही.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. सिग्नलसाठी तो आईला घेऊन डोंगराच्या धारेवर चढला होता. बोलणे तिथल्या बाजारी बोलीत झाले. बाईंना ती अजून येत होती; शेजारी वही घेऊन बसलेल्या ऋचाला त्या मराठीत सांगत गेल्या. पान आईला दाखवले, तोबे म्हणाला, पण तिला आनंद झालेला दिसत नाही. ती नुसती दोन बोटे दाखवते आहे. मग त्याने विचारले, "सिस्टर, ही कोणती कुमाये?"

बाईंना प्रश्न कळला नाही. त्याने सांगितले. आजीच्या हयातीतच तिच्या दोन्ही सुनांनी एकाच वर्षी मुलींना जन्म दिला, आणि दोघींना आजीचेच नाव ठेवले गेले. एक त्याची बहीण. दुसरी चुलत बहीण. ती जिवंत आहे, तिला नातवंडे आहेत.

ऋचाने पानाच्या कडेवर बोट ठेवले. कुमायेच्या ओळीखाली पट्टी लावून खोडलेली एक ओळ होती. तिच्यातही कुमाये हेच नाव होते.

आता बाईंना आठवले. यादी करताना नावे गावातला एक पुरुष सांगत होता. तेच नाव दुसऱ्यांदा आले तेव्हा तो चुकून पुन्हा सांगतो आहे असे वाटून त्यांनी ते खोडले होते. पुढे लसीच्या दिवशी त्या पडवीतून 'कुमाये' अशी हाक देत, आणि मूल घेऊन उभी असलेली बाई भुवया उंचावून होकार देई. तिथे सासूचे नाव सुनेने तोंडावर आणायचे नसते. म्हणजे दोघींपैकी एकीलाही सांगता आले नसते की या नावाच्या मुली दोन आहेत.

सुहासिनीबाई खुर्चीत बसल्या. लग्न झाल्यावर नारायण पेठेतल्या घरात त्यांनी स्वतः कधी नवऱ्याचे नाव उच्चारले नव्हते. पोस्टात कारकुनाने यजमानांचे नाव विचारले तर त्या चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवत. "बाई, नाव आहे की सरकारी गुपित?" असे तो एकदा म्हणाला होता, आणि मागची रांग हसली होती. हेच त्या बायकांच्या बाबतीत एकदाही मनात आले नाही. सगळ्या जगात ज्या बाईला ते कळायला हवे होते, ती पडवीत पेन घेऊन उभी होती.

फोन चालूच होता. बाईंनी तोबेला विचारायला सांगितले: आई लसीला किती वेळा आली होती? वाऱ्यात त्याने आईला विचारलेले ऐकू आले. मग तो म्हणाला, तिला आठवत नाही. पूर्वी आठवत होते. पण लोक इतकी वर्षे म्हणत आले की आता तिला स्वतःचेही खरे वाटत नाही.

ऋचा हळूच म्हणाली, "पहिलं उत्तर राहू दे ना, मावशी. ते खोटं आहे असंही सिद्ध होत नाही. त्या म्हातारीला तेवढंच पुरेल."

"तू म्हणतेस हे?"

ऋचाने पानावरचे बोट काढून घेतले.

बाई फोनवर म्हणाल्या, "तोबे, मी लिहिलं ते चूक होतं. दोन मुली होत्या आणि मी एकच ओळ ठेवली. दोन्ही खुणा तुझ्या बहिणीच्या असतील, किंवा एक एक दोघींची. एकीही तिची नसेल. मला माहीत नाही. पण हे तुझ्या आईमुळे झालेलं नाही. वही माझी होती. हे तुझ्या कुळातल्या लोकांना सांग. माझ्या नावानं सांग."

त्याने ते आईला सांगितले की नाही, हे कळले नाही, सिग्नल गेला. नंतर एक संदेश आला, त्यात धावपट्टीवर गवत माजले आहे, ठाण्यातला फ्रिज बंद आहे आणि गेल्या महिन्यात एका बाळंतिणीला दोन दिवस खांद्यावरून न्यावे लागले एवढेच होते.

बाईंनी सांगितलेले टिपण ऋचाने वेगळ्या कागदावर लिहून वहीला जोडले. तिने घातलेला 'बहुधा' हा शब्द बाईंनी काढायला लावला. मग त्यांनी कुकर लावला.

कुमाये नावाच्या दोन मुलींपैकी कोणाला किती मात्रा मिळाल्या, हे अज्ञात आहे. दोन्ही मात्रा मिळाल्या असत्या तर मृत मुलगी वाचली असती का, हेही अज्ञात आहे. त्या मुलीच्या आईविषयी गावात आता काय बोलले जाते, ते वारज्यापर्यंत पोचलेले नाही.